चार अल्बम, दोन कान

माझं देवासला फॉल-पिकोचं दुकान आहे. दिवसभर कापायचं-शिवायचं म्हटलं की टेबलाखाली चिंध्यांचा ढीग होतो. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण फेकायला गेलं की एकेका चिंधीवरून कुणाचं तरी लग्न आठवतं आणि ती परत ढिगात जाते. आमच्या बँडच्या किश्श्यांचं तसंच झालंय.

'आमचा' बँड म्हणते खरी, पण मी त्यात काही वाजवत नाही. बँडचं नाव 'टेकरीखालचे', देवासच्या देवीच्या टेकरीवरून. गाणारा, गिटार वाजवणारा आणि गाणी लिहिणारा शिरीष माझा आतेभाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणून शिऱ्या. ड्रमवर त्याचा शाळेपासूनचा दोस्त बंडू. बाकीचे दोघं बदलत राहिले. मी पहिल्या दिवसापासूनची फॅन, आणि फॅन म्हणजे नुसत्या टाळ्या पिटणारी नाही हं! चुकलं की तोंडावर सांगणारी.

सध्या किस्से जास्त निघतात, कारण शिऱ्याचे कान चाललेत. डावा गेलाच, उजवा जातोय. चौथा अल्बम पुरा होईपर्यंत तो तरी टिकावा, एवढंच त्याचं मागणं होतं. परवा बंडू म्हणाला, "एक बरं आहे ताई, आता त्याचे किस्से त्याच्यासमोरच सांगता येतात!" सगळे हसले. मग बंडूच उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

*

पहिला कार्यक्रम आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाला. लहान मुलांचे नाच आणि रात्रीची आरती यांच्या मधे वीस मिनिटं मिळाली होती. पुढच्या दोन रांगा ज्येष्ठांसाठी राखीव, म्हणजे स्पीकरच्या बरोबर समोर!

मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब माईकवर म्हणाले, "आता ही मुलं थोडा आवाज करतील. त्यानंतर लगेच प्रसाद आहे, कोणी उठू नये."

कोणी उठलं नाही. प्रसादाला केशरी शिरा होता. पहिल्या दोन रांगांनी कानात बोटं घालून सगळी गाणी ऐकली, आणि एका आजोबांनी तर बोटं घालूनच मान पण डोलवली.

समारोपाला बक्षिसं. वाद्यवृंद या गटात 'टेकरीखालचे' एकटेच होते, तरी त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस! स्टीलचा डबा. मी भडकले. सरळ भाऊसाहेबांना जाऊन विचारलं, "एकच बँड होता, मग पहिलं बक्षीस का नाही?"

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "पहिलं दिलं तर पुढच्या वर्षी परत येतील ना गं!"

*

पहिला अल्बम 'पाणी उद्या येईल'. देवासच्या माणसाला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. तिसऱ्या गाण्यात गिटार सुरात नाही, पाचव्यात बंडू मधेच खोकलाय, आणि तरी माझ्या मते तोच सगळ्यात चांगला अल्बम आहे. त्याच्या ठेक्यात एक वजन आहे. धाड, मग थोडं थांबायचं, मग परत धाड. मी दुकानात तो इतका लावला की एक गिऱ्हाईक म्हणाली, "ताई, साडी पिको को दी थी, लड़ाई पे नहीं भेजी!"

तो ठेका कुठून आला ते मला शिऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. तो कारखान्यात प्रेसवर काम करतो. पत्र्यावर दिवसभर घण पडल्यासारखा आवाज. कानात घालायला बोळे मिळतात, सुपरवायझर बघायला आला की सगळे घालतात. हा काढून खिशात ठेवायचा. म्हणायचा, "बोळे घातले की ठेका मरतो, ताई. मी शिफ्टमध्ये गाणी जुळवतो ना!"

मी म्हटलं, "वा! लय भारी!" असंच म्हटलं होतं मी.

*

दुसरा अल्बम 'गोदाम'. बंडूच्या सासऱ्यांचं बदनावरला धान्याचं गोदाम आहे. रिकामं असलं की आत टाळी वाजवली तरी दोनदा ऐकू येते. शिऱ्या वेडाच झाला. म्हणाला, इथेच रेकॉर्डिंग करायचं, स्टुडिओ गेला खड्ड्यात.

पहिली चार गाणी झाली, काय घुमलीत! देवळाच्या गाभाऱ्यात कुणी गिटार वाजवावं तशी. पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो, वायरी जोडल्या, शिऱ्याने पहिली तार छेडली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. आवाज घुमेचना. तारेपाशी सुरू होऊन तारेपाशीच संपायचा.

तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताई, तुला घुमतंय का? का माझ्याच कानाला काही झालंय?"

मी म्हटलं, "मागे बघ, गाढवा." मागे छतापर्यंत पोती लागली होती. सोयाबीन आलं होतं! सासरे म्हणाले, "जावईबापू, गाना बारह महीने, सोयाबीन एक महीना."

उरलेली चार गाणी त्या पोत्यांमध्येच केली. अल्बम इंटरनेटवर आला आणि पुण्याच्या कुणीतरी मोठं लांब परीक्षण लिहिलं, की उत्तरार्धात गायक हळूहळू जगापासून तुटत अंतर्मुख होत जातो. मी ते दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं.

शिऱ्या म्हणाला, "अंतर्मुख नाही, सोयाबीन आहे ते!"

खूप हसलो आम्ही. पण पोती दिसायच्या आधी त्याने मला जे विचारलं होतं, त्यावर मी कधी थांबून विचार केला नाही. त्याला शंका तेव्हापासून होती, आणि मी त्याला गाढव म्हणून मोकळी झाले.

*

मग धारचा कार्यक्रम. एका लग्नाच्या हॉलमध्ये. गर्दी चांगली जमली होती, बहुतेक कॉलेजची पोरं. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि शिऱ्याच्या गाण्यातले निम्मे शब्द कळत नाहीत अशी. एक पोरगा मध्यंतरात येऊन आमच्या माळवी ढंगात म्हणाला, "भिया, समझा तो आधा, पर रोना पूरा आया."

त्या दिवशी शिऱ्या सारखा साउंडवाल्याला खूण करत होता, वाढव, माझ्या बाजूचा आवाज वाढव. त्याने वाढवला. हा परत वर बोट. परत वाढवला. शेवटी पुढच्या रांगेतली पोरं कान धरून मागे पळाली, हॉलच्या काचा थरथरायला लागल्या, आणि शिऱ्याचं बोट अजून वरच!

साउंडवाला हात जोडून म्हणाला, "भिया, इससे ऊपर तो बिजली विभागवाले ही दे सकते हैं!"

हा किस्सा आम्ही दोन वर्षं सांगत होतो. बंडू त्या बोटाची नक्कल फार छान करायचा. हल्ली करत नाही.

*

तिसऱ्या अल्बमबद्दल मला सांगायला आवडत नाही, पण तो सोडून पुढे जाता येत नाही.

तो आला त्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी लावला आणि दुसऱ्या मिनिटाला बंद केला. इतका टोचरा आवाज! झांजा म्हणजे दातात सुई. गिटार म्हणजे ताटावर काट्याचा चमचा ओढावा तशी. वैताग आला मला. रियाज करून, रजा टाकून, एवढे कष्ट करून हे काय केलं यानं! आमचा फॅन लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, देवास, धार, इंदूर मिळून. त्यावर मी लिहिलं, "शिऱ्या, माझी कात्री पण एवढी किंचाळत नाही. मिक्सिंग करताना कान कुठे ठेवले होते? प्रेसवर विसरलास का?"

ग्रुपवर हसण्याचा पाऊस पडला. शिऱ्याचं उत्तर फक्त एवढंच आलं, "बघतो ताई."

तीन दिवसांनी त्याची बायको मनीषा दुकानात आली. ब्लाउजपीस घेऊन आली होती, पण ते पिशवीतून काढलंच नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, इंदूरला दाखवलं. उंच, बारीक आवाज त्यांना येतच नाहीत, कधीपासूनच. मिक्सिंग त्यांनी स्वतः केलं. झांज ऐकू येईना म्हणून वाढवत गेले. ऐकू आली तेव्हा थांबले."

मी मशीनवरचा पाय काढला. डॉक्टरांनी काय सांगितलं विचारलं, तर म्हणाली, आता बोळे घालतात, पण गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलं किती दिवस राहील ते नक्की नाही.

मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी दुपारीच दुकान बंद केलं. ग्रुपवरचा मेसेज पुसायला गेले तर वेळ टळून गेली होती, सगळ्यांसाठी पुसला जाईना. तो अजून तिथेच आहे. अधूनमधून कुणी नवीन माणूस ग्रुपात येतो, वर जाऊन वाचतो आणि हसण्याचं चित्र टाकतो. शिऱ्याची माफी मी मागितली नाही. मला जमलंच नाही. जाऊन फक्त म्हटलं, "जेवलास का?"

*

शेवटचा कार्यक्रम धरमपुरीला, नर्मदेच्या घाटावर. संध्याकाळी पाच वाजता. बंडूने युक्ती केली होती. ड्रमखालची फळी लांब घेतली, आणि शिऱ्याला अनवाणी त्याच फळीवर उभं केलं, म्हणजे ठेका तळपायातून कळेल. कळत होता. पण सूर तळपायातून कळत नाही ना! दुसऱ्या गाण्यात त्याचा सूर वर सरकला. बंडूने बाकीच्यांना डोळ्याने खूण केली, आणि सगळे त्याच्यामागे सरकले. तो परत खाली आला, सगळे खाली आले. असं पूर्ण गाणं गेलं. त्याला एकट्याला बेसूर होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

पुढे बसलेला एक जण मला म्हणाला, "नई चाल बांधी है क्या? जबरदस्त!" मी म्हटलं, "हो. नवीन आहे."

गाणं संपलं तेव्हा सूर्य नदीच्या अंगाने नेमका त्याच्या डोळ्यांवर आला होता, समोरचं काही दिसत नसावं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. नावेतले लोक पण वाजवत होते. आणि हा डोळ्यांवर हात धरून माईकमध्ये म्हणाला, "नसेल आवडलं तर तसं सांगा की. दुसरं म्हणतो."

टाळ्या थांबल्या. मी खाली बसून रडले, खोटं कशाला सांगू!

*

मग मशीन आलं, कानामागे लावायचं. बोलणं बरं कळतं त्याने. पण गाणं लावलं की पत्र्यावर चणे ओतल्यासारखं वाजतं, असं शिऱ्या म्हणाला.

बंडू म्हणाला, "तुझा तिसरा अल्बम आम्हाला असाच ऐकू येतो! कळलं आता?"

मी बंडूला मारायला धावले. पण सगळ्यात जास्त शिऱ्याच हसला, मशीन निघून खाली पडेपर्यंत.

*

चौथा अल्बम या पौषात पुरा झाला. या वेळी मिक्सिंग बंडूने इंदूरला बसून केलं, शिऱ्याने फक्त कागदावर लिहून दिलं होतं, कुठे काय किती. गेल्या शनिवारी दुपारी शिऱ्या आणि मनीषा पेनड्राइव्ह घेऊन माझ्या दुकानात आले. म्हणाला, सगळ्यांच्या आधी ताईनं ऐकायचं.

मी शटर अर्धं ओढलं. स्पीकर जोडला. शिऱ्याने कानामागचं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. ते काढलं की त्याला आता जवळपास काहीच येत नाही. मी खुणेने विचारलं, काढलं कशाला? तर म्हणाला, "असंच बरोबर ऐकू येतं मला." आणि डोळे मिटून कापायच्या टेबलावर बोटांनी ठेका धरला.

सात गाणी झाली. आठवं, शेवटचं, नुकतं सुरू झालं होतं, दोन ओळी झाल्या असतील, आणि लाइट गेली. स्पीकर बंद, शेजारच्या दुकानातला टीव्ही बंद. सगळं गप्प.

शिऱ्याचं बोट चालूच होतं.

मी मनीषाकडे पाहिलं. ती उठायला लागली. मी हाताने तिला बसवलं. शिऱ्याचे ओठ हलत होते. मधेच भुवया वर गेल्या, मधेच मान खाली झाली, एका ठिकाणी तो थोडं हसला. वरच्या मजल्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. बोट हळू होत गेलं. चार-पाच मिनिटांनी ते थांबलं आणि त्याने डोळे उघडले. खिशातून मशीन काढून कानाला लावलं.

"ताई," तो म्हणाला, "शेवटी सगळं थांबवून एकटी बासरी ठेवलीय ना, ती बंडूला पटत नव्हती. मला पण आता वाटतंय, जरा लांबली का?"

"नाही रे," मी म्हटलं. "बरोबर आहे. तिला हात लावू नकोस."