आजी कुठे झोपतात?

मुंबईत घर मिळणं कठीण, असं लोक म्हणतात. त्या लोकांनी एकदा माझ्या मित्राच्या आईकडे कुत्रं मागून बघावं. काळाचौकीच्या आमच्या चाळीत बसून या बाईंनी जितकी बेवारशी कुत्री जगवली, तितकीच चांगली चांगली घरं नापास केली. मी त्यांना काकू म्हणतो. त्यांच्या पर्समध्ये कापूस, पट्ट्या, जंताचं औषध आणि उकडलेल्या कोंबडीच्या पायांचा डबा असतो. हा डबा लग्नकार्यातही सोबत असल्यामुळे पंगतीत त्यांच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी. एकदा त्या सख्ख्या पुतणीच्या लग्नाला निघाल्या आणि करी रोडला गाडीनं उडवलेलं कुत्रं दिसलं. शालू नेसलेल्या काकूंनी ते मांडीवर घेतलं आणि टॅक्सी दवाखान्याकडे वळवली. कुत्रं वाटेतच गेलं. काकू रक्ताळलेल्या शालूनिशी मांडवात आल्या, अक्षता टाकल्या आणि न जेवताच निघाल्या. वरमाईनं हात धरला तर म्हणाल्या, "सोडा हो, टॅक्सीत मयत आहे."

लालबाग-परळची पाच-सहा मंडळी या कामात त्यांच्यासोबत आहेत. गटारातून पिल्लं काढणं, औषधपाणी, मोबाइलवर फोटो टाकणं हे सगळं ती करतात. घर पसंत करणं मात्र काकूंचं खातं. त्या घर बघायला जातात आणि कुत्र्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. चहा घेतात, इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "आजी कुठे झोपतात?" घरात म्हातारं माणूस नसेल तर पूर्वीचं कुठे झोपायचं ते विचारतात. गणपतीत तर त्यांची चंगळ, कारण दर्शनाला आलेल्या बाईला कोण अडवणार? बाप्पाला हात जोडायचे आणि मखराच्या वरून आतल्या खोलीत नजर टाकायची.

दादरला एका जोडप्यानं पिल्लासाठी मखमली गादी आणून ठेवली होती. आजींची खाट बाल्कनीत होती, वॉशिंग मशीन आणि बादल्यांच्या मधे. काकूंनी चहा संपवला, पिल्लू परत पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "घर छान आहे हो. कुत्र्याला नाही चालणार." उलट घोडपदेवला एका खोलीत सात माणसं, पण अंगावरून वारं गेलेले सासरे बरोबर पंख्याखाली आणि बाकीचे गॅलरीत. तिथे काकूंनी सगळ्यात गोंडस पिल्लू दिलं. मी वाद घातला तेव्हा म्हणाल्या, "कुत्रं दोन वर्षं खेळणं असतं रे. मग दहा वर्षं ते म्हातारंच होत जातं."

मग आमची चाळ पाडायची ठरली. लोकांनी देव्हारे नेले, तुळशी नेल्या, आणि वर्षानुवर्षं चपाती घातलेली कुत्री जिन्याखाली सोडून दिली. पाणी तोडलं, दिवे गेले. काही कुत्री मालकांना शोधत रस्त्यावर गेली आणि मेली. काकूंनी धावपळ करून बाकीच्यांची सोय लावली. उरली ती एका डोळ्यानं आंधळी, म्हातारी यमी. तिचा फोटो बघून एकही फोन आला नाही. चाळीला कुलूप लागायच्या आत तिला घर मिळालं नसतं तर तिचंही तेच होणार होतं. काकू रात्र रात्र झोपत नव्हत्या.

शेवटी माझा मित्रच म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ. यमीला आपल्याकडेच आण. पोरगी कधीची मागे लागलीय." त्यानं करी रोडच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता आणि काकूही आता तिथेच राहायला जाणार होत्या. मला इतका आनंद झाला की काकूंचं सामान मीच उचललं, आणि यमीला घेऊन आम्ही वर गेलो. घर खरंच देखणं होतं. यमीसाठी गॅलरीत नवी गादी आणि छोटा पंखासुद्धा होता. एक खोली नवराबायकोची, एक मुलीच्या अभ्यासाची, आणि हॉलमध्ये सोफा. "आणि आई, तुझी खाट इथे," मित्र उत्साहानं म्हणाला. पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाला टेकून, घडीची खाट उभी होती. "सकाळी घडी केली की अडचण नाही."

काकूंनी खाटेला हात लावून पाहिला. चहा संपवला. मग त्याच शांत आवाजात म्हणाल्या, "घर छान आहे रे. कुत्र्याला नाही चालणार."

मित्र सोसायटीचे नियम, लिफ्ट असलं काही समजावत बसला. काकूंनी यमीची दोरी माझ्या हातात दिली. "तुझे बाबा खिडकीपाशी झोपतात ना? मग हिला तू ने."

दारात मी हळूच विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी काय, माणूस आहे," काकू म्हणाल्या. "माणसाचं कुठंही निभतं."

यमी आता लालबागला आमच्या नव्या खोलीत, बाबांच्या खाटेखाली असते. काकू दुपारी तिला बघायला म्हणून येतात. बाबा पेपर घेऊन खुर्चीत सरकतात, काकू खाटेवर जरा टेकतात, आणि यमीच्या पाठीवर हात ठेवून गाढ झोपतात. आम्ही टीव्ही बंद करतो. मला मित्राचा राग येतो, आणि तो वाईट नाही हेही माहीत असतं. उठल्यावर काकू आधी चादर झटकतात, चारी टोकं जुळवून घडी घालतात, उशी भिंतीला लावतात, तिथे कुणी झोपलं होतं असं वाटूच नये इतक्या नीट.

"काकू, राहू द्या ना," मी दरवेळी म्हणतो.

"सवय झालीय रे," त्या म्हणतात आणि चपला शोधू लागतात.