चावी लातूरला, रोटर नांदेडला

बुधवार, २१ जानेवारी. डाळमिल, लातूर. हजर: मिलचे मालक, फिटर आणि देखभालीचं काम पाहणारी मी. नांदेडचे बॅलन्सिंगवाले फोनवर.

तीस हॉर्सपॉवरच्या मोटारीनं दोन महिन्यांत दोन बेअरिंगं खाल्ली, म्हणून रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बॅलन्स करायला ती नांदेडला पाठवली होती. परत आली तेव्हा सोबतच्या कागदावर कंपन १.१ होतं. या मोटारीला सेकंदाला २.८ मिलिमीटरपर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं तर मोटार चालवायच्या परवानगीवर मी सही करत नाही. पुली चढवली, पट्टे ओढले, मीटर लावला. ६.७. पायाचे बोल्ट आवळले. ६.७. पट्टे काढून पाहिले. ६.५.

"फिरून राहिली ना? मग चालवा," मालक म्हणाले. "तुरीच्या गाड्या गेटवर हायत. उद्या मिल चालू न्हाई झाली तर माल उदगीरच्या मिलला जातो."

"चालवली तर आठवड्यात तिसरं बेअरिंग जाईल. रोटर घासला तर वाइंडिंग जळेल. मग सगळा हंगामच उदगीरला पाठवा."

मी नांदेडला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आमच्याकडं चालू मोटारीवर रुपया उभा राहिला वो. व्हिडिओ पाठवू का?"

"हितं चहाचा कप ऱ्हाईना," फिटर मागून बोलला.

"तुमच्या फिटरला चहाबिगर काय सुचतं?"

मी विचारलं, "बॅलन्स करताना चावी कशी लावली होती?"

"चावी कुठली? तुमचा शाफ्ट दर वेळी मोकळाच येतो."

चावी म्हणजे शाफ्ट आणि पुलीच्या खाचेत बसणारा बोटभर लांब लोखंडी तुकडा. फिटरनं भिंतीवरच्या कागदाकडे हात केला. मोटार बाहेर पाठवताना काय करायचं, याची ती यादी. अक्षर माझं. चौथा मुद्दा: पुली आणि चावी काढून कपाटात ठेवणे. एकदा धर्माबादच्या दुकानात चावी हरवली होती, तेव्हा मीच तो मुद्दा घातला होता. म्हणजे नांदेडला रोटर चावीशिवाय तोलला गेला, आणि इथं आम्हीच त्याच्या एका बाजूला लोखंड घातलं. रोटर तोलताना खाचेत निदान अर्धी चावी असावी लागते, हे मला माहीत होतं. तरी तो मुद्दा इतकी वर्षं तसाच राहिला.

"रोटर, पुली, चावी, समदं पाठवा," नांदेडवाले म्हणाले. "दोन दिवस लागतील."

मालकांनी माझ्याकडे न बघता गेटवर फोन केला आणि गाड्या उदगीरला वळवायला सांगितल्या. मी सही केली नाही. दुपारी मोटार टेम्पोत चढवली, चावी शाफ्टला तारेनं बांधून.

मिलमध्ये आणखी चार मोटारी याच यादीप्रमाणे नांदेडला जाऊन आल्या आहेत. चारही चालू आहेत. पुली चढवल्यावर त्यांचं कंपन कुणीच मोजलेलं नाही. ते मोजायचं आहे.