सुखरूप पोचल्याची तार

मी लीड्सला कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला निघाले तेव्हा आईनं रडणंबिडणं काही केलं नाही. तिनं सरळ जाहीर केलं, "तू पोचली असं समजल्याबिगर मी अन्नाले हात लावत नाही." हे कुठं, तर नागपूर स्टेशनच्या फलाटावर, मुंबईची गाडी सुटायच्या बेतात, माझ्या गळ्यात हार असताना. आता भांडायला वेळ उरलेला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बिनसाखरेचा चहा आणि ताक चालेल, हेही तिनं स्वतःच ठरवून टाकलं. तिला साखरेचा विकार. वडील रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर, आणि त्याच डॉक्टरांनी तिला उपाशी राहायचं नाही म्हणून दहादा बजावलेलं. पण डॉक्टरांचं ऐकायला ती काय त्यांच्या पगारावर होती? वडील खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "पोचल्याबरोबर तार कर."

तेव्हापासून प्रवासाचा जो विचका झाला तो झालाच. लोक पहिल्या विमानप्रवासाच्या गोष्टी किती रंगवून सांगतात! मला ढगबिग काही आठवत नाहीत. समोर जेवणाचं ताट आलं की आईचं रिकामं ताट दिसायचं, आणि दया येण्याऐवजी संताप यायचा. जगातल्या इतर मुली शिकायला जातात तेव्हा त्यांच्या आया जेवत नाहीत काय?

लीड्सला उतरले ती शनिवारी संध्याकाळी. विद्यापीठानं जिच्याकडे खोली ठरवून दिली होती त्या घरमालकिणीला मी दारातच विचारलं, तारेचं ऑफिस कुठं आहे? ती म्हणाली, "सोमवारी उघडेल." अर्ध्या जगावर राज्य केलं या लोकांनी, आणि रविवारी एक तार करता येत नाही! तिनं मला खोली दाखवली, आंघोळीचे दिवस सांगितले, गरम पाणी जपून वापरायला सांगितलं. मी सगळ्याला मान डोलावली. तो आख्खा रविवार मी काळ्या पडलेल्या दगडी इमारतींमधून पाय आपटत हिंडले. शहर वाईट नसावं. बघायला डोकं ठिकाणावर कुठं होतं?

सोमवारी पोस्टातल्या बाईनं नागपूर कुठं आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, भारताच्या बरोबर मधोमध. ती म्हणाली, "म्हणजे मुंबईजवळ?" मी दात ओठ खाऊन हो म्हटलं. 'सुखरूप पोचले, काळजी नसावी' एवढा मजकूर इंग्रजीत गेला. मग मी खोलीवर येऊन पालथी पडले आणि झोपले. सुटली एकदाची, जेवली असेल आता.

दोन दिवसांनी मलाच तार आली. वडिलांची. 'तार मिळाली. आई मानत नाही. जेवण बंदच. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन कर. आईला आणतो.'

मानत नाही म्हणजे? मी खोलीत येरझाऱ्या घालत होते, आणि घालता घालता उमगलं. आमच्याकडे तारेत खरं लिहायची पद्धतच नव्हती. माणूस गेलेला असायचा आणि तार यायची, 'प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा.' माझे आजोबा वारले तेव्हा आईला अशीच तार आली होती, आणि ती आशेवर अमरावतीपर्यंत गेली होती. तिच्या हिशेबी 'गंभीर'चा अर्थ मेला, तर 'सुखरूप'चा अर्थ काय असणार? कळत होतं मला सगळं. तरीही तिचे खांदे धरून गदागदा हलवावेसे वाटत होते.

घरमालकिणीनं हातापाया पडायला लावून दिवाणखान्यातला फोन वापरू दिला आणि स्वतः घड्याळासमोर खुर्ची टाकून बसली. बऱ्याच वेळानं लाइन लागली. समुद्राच्या तळातून यावा तसा वडिलांचा आवाज, "हॅलो! हॅलो!" आणि मग आई.

"कोण बोलून राहिलं?"

घरमालकीण समोर. परका फोन. मी हळू, अदबीनं म्हटलं, "आई, मी बोलते आहे. मी अगदी छान आहे. तू कशी आहेस?"

पलीकडे नुसती खरखर. मग आई वडिलांना म्हणाली, आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं, "हे आपली पोट्टी नाही. आपली पोट्टी इतकं गोड बोलते काय? कोणाले तरी बसवलं तुम्ही फोनवर, मले समजवाले."

घरमालकिणीनं घड्याळावर बोट ठेवलं. माझं टाळकंच सरकलं.

"काहून वं माझा जीव खाऊन राहिली?" मी त्या दिवाणखान्यात गळा फाडून ओरडले. "साखर हाय ना तुले? अन् उपाशी बसते! मी येथी अभ्यास करू का तुह्या ताटाची चिंता करू? मुकाट्यानं जेव, नाही तर पुढच्या विमानानं येतो अन् घास कोंबतो तोंडात!"

खरखर. मग एक मोठा सुस्कारा, इतका मोठा की तो सात समुद्र ओलांडून माझ्या कानात गरम लागला.

"हाव," आई वडिलांना म्हणाली. "तेच हाय. काढा तुमचा डबा."

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि लाइन तुटली. माझ्याशी एक शब्दही न बोलता! मी रिसीव्हर हातात धरून उभी. राग उतरला नव्हता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

घरमालकीण उठून उभी राहिली होती. घाबऱ्या आवाजात तिनं विचारलं, घरी काही वाईट झालं का?

"नाही," मी म्हटलं. "आई जेवायला बसली."