परवान्यावरचं माहेरचं नाव

ताई खानदेशात दिलेली. सोयगावापुढं निजामाची हद्द संपली की तिचं सासर. त्या वर्षी हद्द ओलांडायला परवाना लागायला लागला, अन् नेमकी तेव्हाच ती बाळंतपणात अत्यवस्थ झाली.

'कोणाला भेटायचं' या रकान्यात वडलांनी सवयीनं तिचं माहेरचं नाव लिहिलं. नाक्यावरच्या जमादारानं गावात माणूस धाडून विचारलं. त्या नावाची बाई सासरी कोणाला ठाऊक असणार? लग्नात नाव बदललंय, असं वडील गयावया करून सांगत राहिले. मेल्यानं कागदच पाहिला.

औरंगाबादेत दुसऱ्या परवान्यासाठी पंधरवडाभर खेटे घातले.

या खेपेला नाव बरोबर होतं. जमादार म्हणाला, "जा, भेटा लेकीला."

आम्ही तिच्या तेराव्याला निघालो होतो.