साक्षीदाराचं स्टूल

"साहेब, साक्षीदाराला बसू द्यावं." प्रत्येक साक्षीच्या आधी न्यायाधीशांना आमच्या मॅडम ही विनंती करत, आणि साहेबांनी मान हलवायच्या आतच त्यांचा हात टेबलाखालचं स्टूल ओढायला गेलेला असे.

मी तालुक्याच्या कोर्टात लघुलेखक आहे. साहेब सांगतात, मी लिहितो. मॅडम तिथल्या सरकारी वकील. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण तुमच्यापैकी कुणाला चढावी लागली असेल तर माहीत असेल, पिंजऱ्यात साक्षीदार उभाच असतो. म्हातारा असो, आजारी असो, त्याचे पाय थरथरत असोत, कुणाला त्याचं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही कधी वाटलं नव्हतं. म्हणून मी त्यांना विचारलं, हे स्टुलाचं काय खूळ आहे?

"उभा मानूस घाईत असते, बाबू," त्या म्हणाल्या. "बसला का खरं सांगते. आमच्या पोडावर उभ्यानं कोनी शेळीचीही गोष्ट करत नाही."

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. मॅडम घाटंजीकडच्या एका पोडावर वाढलेल्या. आई बांबूच्या टोपल्या विणायची आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर घेऊन विकायला जायची. त्या टोपल्यांवर मुलगी आश्रमशाळेत शिकून वकील झाली. युक्तिवाद करताना त्यांचं मराठी असं स्वच्छ, की पुण्याहून आलेले आमचे साहेबही मान डोलवत. पण पोडावरून कुणी आलं, की बाई काळा कोट सावरत व्हरांड्यात फरशीवर मांडी घालून बसत आणि कोलामी सुरू होई. मराठीशी त्या भाषेचं काही नातं नाही. कान टवकारून ऐकलं तरी हाती एक शब्द लागत नाही.

मी एकदा फुशारकी मारली. "मॅडम, आमची लघुलिपी आवाजावर चालते. मी कोलामीही उतरवून घेईन, अर्थ कळो न कळो."

"घ्या ना बापा," त्या हसल्या. "पन जसंच्या तसं घ्या."

हे 'जसंच्या तसं' त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं, की चहा सांगायला निघालेला शिपाईही "जसाच्या तसा आणू का?" असं विचारून हसायचा. त्या शब्दाचं खरं वजन मला आजीच्या केसमध्ये कळलं.

ही आजी कोलाम. गुरं शेतात शिरली म्हणून तिच्या मुलाला काठ्यांनी मारलं होतं. पाय कायमचा अधू झाला. पहिलाच फटका डोक्यात बसल्यामुळे मुलाला पुढचं काही आठवत नव्हतं. पाहणारी एकटी आजी. आरोपी तीन: शेताचे मालक दोघे भाऊ आणि त्यांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारा गडी. तिघांचा वकील एकच, तोही मालकांनी दिलेला. सालदार बिचारा मान खाली घालून उभा असे.

आजीला मराठी जेमतेम. म्हणून कोर्टाने एका गुरुजींना दुभाषी नेमलं. मॅडमनी स्टूल ओढलं, आजी बसली. तिने पदर सावरला आणि सावकाश, हातांनी काठ्या दाखवत, सगळं सांगितलं.

गुरुजी म्हणाले, "साहेब, बाई म्हणते, तिघांनी मिळून मारलं."

माझं बोट कीबोर्डवर पडतंय तोच मॅडम उभ्या राहिल्या. "माझी हरकत आहे, साहेब. साक्षीदार असं म्हणाली नाही. दोघा भावांनी मारलं आणि सालदाराने सोडवायचा प्रयत्न केला, असं ती म्हणाली."

 सरकारी वकील स्वतःच्याच केसविरुद्ध हरकत घेतेय! आरोपींचा वकील 'मीही हरकत घेतो' म्हणायला अर्धा उठला आणि कशाला घ्यायची ते न कळून खाली बसला. साहेबांनी गुरुजींना पुन्हा विचारायला लावलं. गुरुजींना घाम फुटला.

"हो साहेब, सोडवलं असंच म्हणते. पोलिसांच्या कागदात तिघांनी मारल्याचं आहे. मला वाटलं, म्हातारीची केस बिघडू नये."

बिचाऱ्याने भलं करायला जाऊन घोटाळा केला होता. पण आता आरोपींच्या वकिलाच्या हाती कोलीतच मिळालं. पोलिसांपुढे तिघं, इथे दोघं, मग खोटं कधी बोललीस, असं त्याने चार वेळा फिरवून फिरवून विचारलं. आजीने चारही वेळा तेच सांगितलं: मारणारे दोघंच, आणि पोलिसांनाही दोघंच सांगितले होते. घाई अशी तिने केलीच नाही.

दुपारी व्हरांड्यात मुलगा लंगडत मॅडमसमोर आला. "तुम्ही आमच्या का त्याईच्या?"

"तुह्या मायनं जे पाह्यलं, त्याची मी," मॅडम म्हणाल्या. तो पायऱ्या उतरून गेला.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. "बाबू, दोघंही सुटले तं?" असं त्यांनी मला विचारलं.

मला रागच आला होता. "मग काहून बोलल्या? कोनाले कळलं असतं?"

"मले कळलं असतं. आज तिची एक गोष्ट मी दाबली, तं उद्या तिची कोनती गोष्ट कोन खरी मानन?" आणि तोंडावर पाणी मारून त्या पुढच्या केसला उभ्या राहिल्या.

निकाल मीच टाइप केला. जी आई मुलाला मारणाऱ्यांच्याच गड्याला निर्दोष सांगते, तिच्यावर अविश्वास ठेवायला कारण नाही, असं साहेबांनी लिहवलं. दोघा भावांना शिक्षा झाली, सालदार सुटला. मॅडमनी फक्त चष्मा पुसला. मी मात्र मान खाली घालून उगाच कागद जुळवत बसलो, कारण माझे डोळे भरले होते.

पुढे त्यांची बदली झाली, दूर गडचिरोलीकडे. स्टूल राहिलं. नव्या वकिलांना त्याचं काही नव्हतं, तेव्हा साक्षीदार आला की मीच ते पुढे सरकवू लागलो.

गेल्या महिन्यात आजी आली. हातात मॅडमसाठी नवी टोपली होती आणि दुसरा हात धरून तिला सांभाळत आणणारा माणूस तो सालदार होता. मालकांनी त्याला कामावरून काढलं. आता तो आजीच्या मुलासोबत शेती करतो, असं त्याने सांगितलं. मॅडम इथे नाहीत हे त्याने तिला खुणांनी समजावलं. मी स्टूल दिलं. आजी बसली, टोपली मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहून काहीतरी बोलली. सालदारालाही कळलं नाही. मी वही काढली, तिला पुन्हा म्हणायची खूण केली आणि आवाजावर उतरवून घेतलं.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. टोपलीचं सांगितलं, सालदाराचं सांगितलं आणि अडखळत ते आवाज वाचून दाखवले. 

"मॅडम, चुकलं का काही?"

"नाही. जसंच्या तसं हाय."

"काय म्हणते आजी?"

"म्हनते, पोरी, तू दुसऱ्याले बसवतं आन् सोता दिसभर उभी राह्यतं. बस आता जराशी."

मग फोनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.