जेठांनी लावलेलं टोचन

माझ्या जेठांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, लग्न झाल्यापासून अठरा वर्षं मी एक शब्द बोलले नव्हते. भांडण होतं म्हणून नव्हे. आमच्याकडची रीतच तशी. जेठ समोर आले की डोक्यावर पदर घ्यायचा, बाजूला व्हायचं आणि तोंड बंद. फारच अडलं तर सासूबाईंमार्फत निरोप. तेही माझ्याशी बोलत नसत. मला काही ऐकवायचं असलं की दोन घरांमधल्या भिंतीपाशी यायचे आणि आमच्या म्हशीला सांगायचे. म्हशीला निदान कान हलवता यायचे, मला तेवढीही मुभा नव्हती. आणि इथे लिहितानासुद्धा मी त्यांना ‘ते’च म्हणणार आहे. जीभ सुटली तरी हाताची सवय सुटलेली नाही.

मी अमळनेरच्या कॉलेजात बी.ए. केलेली, धरणगाव तालुक्यातल्या या गावी सून म्हणून आलेली. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, म्हणून वाटणीत आलेलं कपाशीचं वावर माझ्या गळ्यात. कामाला मी कधी भ्याले नाही. पण उन्हाळ्यातली नांगरट ट्रॅक्टरशिवाय होत नाही आणि आमच्या भाऊबंदांत ट्रॅक्टर एकच, जेठांचा. बाहेरचा बोलावला तर त्यांचा अपमान होतो, असं सासूबाईंचं म्हणणं. मग दरवर्षी ते साऱ्या गावाची वावरं नांगरायचे आणि सगळ्यात शेवटी माझं. भाडं पुरतं घ्यायचे, वर उपकार केल्याचा चेहरा. मागच्या वर्षी त्यांच्या या कृपेने माझी लागवड पंधरा दिवस मागे पडली, बोंडं फुटली ती नेमकी परतीच्या पावसात, आणि कापूस झाडावरच काळा पडला. या वर्षी मी आधीच सासूबाईंना पाठवलं. उत्तर भिंतीपलीकडून म्हशीला मिळालं.

“ज्याले घाई शे, त्यानी सोतानं ट्रॅक्टर लेवानं.”

मी घेतला. अमळनेरला एका शेठच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात तो लिंबाच्या झाडाखाली उभा होता. बरेच पावसाळे सायलेन्सर उघडाच राहिलेला, त्यावर साधा डबाही कोणी उपडा घातला नव्हता. पाणी आत गेलं आणि इंजिन जाम. शेठने काही लपवलं नाही. “बाई, हे भंगारच्या भावात देतोय, भंगार समजूनच न्या,” असं स्वच्छ सांगितलं. सोबत एक गंजका नांगर दिला. किती मोजले ते सांगत नाही, ते माझे होते. नवरा फोनवर म्हणाला, तुझं डोकं फिरलंय. मी म्हटलं, हो, आता फक्त इंजिन फिरायचं बाकी आहे.

ट्रक आमच्या दारात रिकामा होताना जेठ त्यांच्या ओट्यावर बसून बघत होते. शेजारी बसणाऱ्या चार माणसांना हसताना मी पाहिलं. त्यांच्या हसण्याने माझं पित्त इतकं खवळलं की त्या क्षणी मी ठरवलं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत माझं वावर नांगरून झालं पाहिजे, आणि याच ट्रॅक्टरने.

धरणगावहून मिस्तरी आला. आला आणि इकडेतिकडे बघत उभा राहिला. “घरमा कोनी माणूस नही का?”

“मी शे. जे सांगानं ते माले सांगा.”

त्याने नाइलाजाने सांगितलं. इंजिनाचे तिन्ही नोझल काढले आणि त्या भोकांमधून डिझेल आणि ऑईल ओतून दाखवलं. पिस्टन गंजून आतल्या लायनरला चिकटले होते. रोज सकाळी असं तेल मुरवायचं आणि मग पुढच्या पुलीला मोठा पाना लावून हलकेच हलवून बघायचं. केसभर हललं तरी जिंकलो. “पन एक ध्यानमा ठेवा वहिनी, टोचन लावू देवानं नही. पिस्टन चिकटेल शे, वढा तं रॉड वाकी जाई.” टोचन म्हणजे दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळीने बांधून ओढणं. बंद ट्रॅक्टर दिसला की गावातल्या माणसांचे हात टोचनासाठी शिवशिवतात, हे त्याला माहीत होतं.

मी रोज तेल घालत होते. पान्यावर दोन्ही हातांनी लोंबकळत होते. तळहात सोलले, साड्या खराब झाल्या. भिंतीपलीकडून बातम्या चालूच. “आठ दिन व्हयनात, लोखंडले तेल पाजी राह्यनी.” मी ऐकायची आणि म्हशीला पेंड टाकायची. नवव्या दिवशी पुली हलली. फार नाही, बोटाच्या पेराइतकी. मी तिथेच मातीत बसले आणि एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशी मी नवे वॉशर आणि फिल्टर आणायला धरणगावला गेले. दुपारी परतले तर ट्रॅक्टर जागेवर नव्हता. तो अंगणातून गल्लीत, विहिरीच्या वळणापर्यंत गेला होता. अंगणात मागच्या चाकांनी दोन चर पाडले होते. चाकं फिरली नव्हती, नुसती घासत गेली होती. गल्लीच्या तोंडाशी चर संपले होते आणि टायरची नक्षी उमटली होती. म्हणजे तिथे झटक्यात इंजिन सुटलं होतं. जेठांनी टोचन लावलं होतं, हे मला त्या नक्षीकडे बघूनच कळलं.

सासूबाई दारात होत्या. “मदत करी व त्यानी तुले,” त्या म्हणाल्या. “तू पंधरा दिन तेल टाकत बसतीस. त्यानी एक झटकामा फिरवी दिधं.”

मिस्तरी आला, हेड उघडलं, खालचा चेंबर काढला. मधल्या पिस्टनचा रॉड वाकला होता. त्याने तो पुसून माझ्या हातात दिला. मला रडू आलं नाही. मला जाळावंसं वाटलं काहीतरी. शत्रूने मोडलं असतं तर त्याचं नाव घेऊन बोंब मारता आली असती. यांनी ‘मदत’ करून मोडलं होतं. आता तक्रार केली तर मीच कृतघ्न, आणि गप्प बसले तर आखाजी गेली, वावर पुन्हा त्यांच्या नांगराची वाट बघत पडणार. साऱ्या गावाला हेच दिसणार होतं की नानांनी, म्हणजे जेठांनी, फिरवून दिलेलं इंजिनही बाईला सांभाळता आलं नाही.

संध्याकाळी जेठांचा ओटा भरलेला होता. मी तो रॉड हातात घेऊन गेले. पदर डोक्यावर होता की नव्हता ते मला आठवत नाही, हात मात्र कोपरापर्यंत काळे होते. मी थेट त्यांच्यासमोर उभी राहिले आणि रॉड त्यांच्या पायाशी ठेवला.

“नाना,” मी म्हटलं, “हाऊ रॉड तुमीन वाकाडा. माले इचारं बी नही. मना ट्रॅक्टरले परत हात लावाना नही.”

ओट्यावरची माणसं खाली बघू लागली. मला वाटलं होतं जेठ ओरडतील, आणि त्यासाठी माझी तयारी होती. पण ते ओरडले नाहीत, कारण ओरडायचं तर माझ्याशी बोलावं लागलं असतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, निरोप घेऊन जाईल असं कोणी सापडलं नाही. तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं. शेवटी ते उठून आत गेले. ज्या रीतीने मला अठरा वर्षं गप्प बसवलं, तीच त्यांच्या घशात अडकलेली पाहून मला आनंद झाला, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही.

दुसरा रॉड मी एसटीने धुळ्याला जाऊन जुन्या पार्टच्या दुकानातून आणला. मिस्तरीने चार दिवस घेतले. इंजिन सुरू झालं तेव्हा आधी काळा, मग पांढरा धूर इतका निघाला की सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या. ट्रॅक्टर चालवायला मी माहेरी शिकले होते, पण रस्त्याने नेणं वेगळं आणि नांगर ओढणं वेगळं. माझं पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ, वाकडं गेलं, दुसरं त्याहून वाकडं. आखाजीला तीन दिवस होते. मी थांबले नाही.

दुपारी जेठ मोटरसायकलवरून आले आणि बांधावर उभे राहिले. वावरात आम्ही दोघंच. ते बराच वेळ बघत होते. मी त्यांच्या बाजूच्या टोकाला वळले तेव्हा ते मोठ्याने काहीतरी म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडेच बघत होते. मला अर्धंमुर्धं ऐकू आलं होतं. तेवढंही पुरेसं होतं. इंजिन पुन्हा सुरू होईल याची काही खात्री नव्हती, तरी मी ते बंद केलं.

“आयकू नही उनं,” मी म्हटलं. “परत सांगा.”

“बठ्ठं वाकडं नांगरं तू,” ते म्हणाले.

“मनं वावर शे, नाना. वाकडं नांगरसू नही तं सरळ.”

“वावर मना बापनं शे.”

मग मी सीटवरून खाली उतरले, आणि आम्ही दोघं बांधावर समोरासमोर उभं राहून पोटभर भांडलो.