कुंपणावरचा सरडा

त्या गुलाबांच्या रोपवाटिकेत पंपकाकांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन माणूस चाळीस वर्षं फिरला, की दुसरं काय होणार? काका जात्याच भित्रे. कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलणारे. त्यावरून त्यांची टिंगल चाले आणि तेही हसून घेत.

त्यांचे वडीलही तिथेच फवारणी करायचे. त्यांचा एकच नियम होता: औषध मारलं, की कुंपणावर सरडा परत येऊन मान डोलावेपर्यंत रोपांत कुणी पाऊल टाकायचं नाही. तेव्हा फार थांबावं लागत नसे. काकांच्या लहानपणी कुंपणावर, टाकीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा सरडेच सरडे. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, की चार-पाच लाल माना डोलायला लागत. पुढे औषधं जहाल झाली. सरडे चौथ्या दिवशी येऊ लागले, मग आठव्या. आता दोन वर्षं एकही दिसला नव्हता. मालकांनी फाटकावर पाटी लावली, चोवीस तासांनी आत जावे. सगळे जात. काकांना मात्र भरवसा वाटत नसे. सरडे कुणी संपवले हे त्यांना पक्कं माहीत होतं. पंप त्यांच्याच पाठीवर होता.

यंदा तर त्यांची झोपच उडाली. त्यांची लेक तिथेच गुलाबाचे डोळे भरायच्या, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीत बसवून पट्टीनं बांधायच्या, कामाला होती, आणि तिला सहावा महिना लागला होता.

सोमवारी फवारणी झाली. मंगळवारी सकाळी लेक चाकू आणि बांधायच्या पट्ट्या घेऊन फाटकाशी आली, तर काका वाट अडवून उभे.

"सरडा येऊ दे."

"बाबा, तुमच्या सरड्याची वाट बघत बसले तर बाळ शाळेत जायला लागेल! पाटी वाचा की."

"पाटीला काय होतंय? ती काय श्वास घेते?"

"मुकादम माझ्या नावानं शंख करतोय."

"दुपारपर्यंत थांब. एवढं ऐक माझं."

ती कुरकुरत सावलीत बसली.

अकराच्या सुमारास काकांना तो दिसला. लांबच्या कोपऱ्यातल्या खांबावर, उन्हात, अगदी खराखुरा सरडा. मान हलत होती. काकांचे डोळेच भरून आले. इतक्या वर्षांत इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"आला गं, आला! जा आत, खुशाल जा!"

लेक हसत आत गेली. काका पाहुण्याला भेटायला जावं तसे खांबाकडे निघाले. दहा पावलांवर पोचले तरी तो पळाला नाही. पाच पावलांवरही नाही. काका वाकून बघू लागले. सरडा मान डोलवत नव्हता. त्याचं सगळं अंगच थरथरत होतं आणि तोंडाला फेस आला होता. बघता बघता तो खांबावरून गळून पडला.

काका धावत सुटले. लेक रोपांच्या मधोमध ओणवी होती. पहिला डोळा भरून झाला होता. बोटांना पानांवरचं पांढुरकं औषध लागलेलं, आणि त्याच बोटांनी घेतलेली दुसरी पट्टी, डोळे भरणारे सगळेच धरतात तशी, तिने दातांत धरली होती.

"थुंक!" काका ओरडले. "आधी थुंक!"

पट्टी तशीच दातांत ठेवून ती त्यांच्याकडे बघून हसली. "आता काय झालं? तुम्हीच तर म्हणालात, जा."